वीज, कुटार आणि वस्ती

विजेमुळे लागणाऱ्या आगीचा विचार सहसा डोंगरावरील जंगलांच्या आणि तेथील घरांच्या संदर्भात होतो. परंतु वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या काळ्या मातीच्या, कापूस-तुरीच्या मुलखात शेतकऱ्याला तिचे भय वाटते ते घराला लागून असलेल्या गोठ्यापाशी आणि कुटाराच्या ढिगापाशी. कुटार म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मळणीनंतर उरणारा, जनावरांना घालण्यासाठी साठवलेला भुसा. शेजारीच सरपणासाठी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, रचलेल्या असतात, आणि वैशाखात अवकाळीचे ढग येईपर्यंत हे सारे इतके वाळते की एक ठिणगीही पुरते.

विदर्भातील पानगळीच्या जंगलांत वणवे बहुतांशी माणसाच्या हातून, विशेषतः मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळताना लागतात. विजेचा वणवा विरळा, कारण येथे वीज बहुधा पावसासह येते. याउलट कॅलिफोर्नियात ऑगस्ट 2020 मध्ये कोरडी वादळे झाली, म्हणजे विजा पडल्या पण पाऊस जमिनीपर्यंत फारसा पोचला नाही, आणि सांताक्रूझच्या डोंगरांत सुमारे 35,000 हेक्टर क्षेत्र व जवळजवळ दीड हजार बांधकामे जळाली.

तथापि पाऊस आला म्हणजे धोका टळला, हा समज घातक आहे. वीज पडलेल्या झाडाच्या खोडात किंवा मुळांत निखारा कित्येक दिवस धुमसत राहू शकतो. कुटाराच्या दाबून बसलेल्या ढिगातही वरचा थर भिजतो, आतला कोरडाच राहतो, आणि हवा कमी असल्याने ज्वाळेवाचून केवळ धूर देत आग आत सरकते. म्हणूनच जाणती माणसे प्रथम जनावरांची दावी कापतात, शेजारच्या छपरांवर पाणी मारतात, आणि ज्वाळा बसल्यावरही ढीग फावड्याने उपसून, पसरून, थर थर भिजवतात. हे काम कंटाळवाणे असले तरी घरे वाचतात ती यामुळेच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप विजेची आगाऊ सूचना देते, आणि माणसांचे प्राण वाचवण्यासाठी ती मोलाची आहे. परंतु सूचनेनंतरच्या अर्ध्या तासात ढीग हलत नाही, तो घरापासून अंतर राखून रचण्याचा निर्णय मळणीच्या वेळीच घ्यावा लागतो, आणि अरुंद आवार असलेल्या कुटुंबाला तेवढी जागा कोठून मिळावी, हा प्रश्न ग्रामपंचायतीने गावठाणाची आखणी करताना विचारात घेणे अगत्याचे आहे.