डोळ्यांत काय काय घातलं

माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, त्यामुळे ते कोरडे असतील असं मला कधी वाटलंच नाही. मी मुद्रितशोधनाचं काम करते. पावसाळा संपता संपता दिवाळी अंकांची प्रुफं एकदम येऊन पडतात आणि आता ती पडद्यावरच तपासायची असतात. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, वाळू गेल्यासारखे खुपायचे. वेलांटी पहिली की दुसरी, हे डोळे मिटून उघडल्याशिवाय कळायचं नाही. मी ठरवून टाकलं, उष्णता झाली.

उष्णतेवरचे उपाय घरोघरी ठाऊक असतात. स्वयंपाकघरातल्या बाटलीतलं गुलाबपाणी डोळ्यांत घातलं, मग रात्रभर भिजवलेल्या धन्यांचं पाणी गाळून घातलं, झोपताना साजूक तूप. घातल्यावर क्षणभर गार वाटायचं आणि त्या क्षणावर मी विसंबून राहिले. यातलं काहीच निर्जंतुक नव्हतं. पोटाला जे चालतं ते डोळ्याला चालतंच असं नाही. बुबुळावर जंतुसंसर्ग झाला तर मागे राहणारा व्रण नजर कायमची अधू करू शकतो. मी त्यातून वाचले.

त्याहून वाईट चूक म्हणजे लाली घालवणारे थेंब. कुणालाही न विचारता दुकानातून आणले. अशा थेंबांत बहुधा रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. डोळा पांढरा दिसतो, पण कोरडेपणा आहे तिथंच राहतो, आणि रोज घालत राहिलं तर असर ओसरल्यावर लाली उलट वाढून येते. मी लाली वाढली म्हणून थेंब वाढवत गेले.

शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवली. ती चांगली भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं. मग पापणीची कड बोटानं हलकेच दाबली आणि मला आरशात पाहायला सांगितलं. कडेवरच्या बारीक छिद्रांतून थिजलेल्या तुपासारखा पांढरट चीक वर येत होता. तिथं पातळ, पारदर्शक तेल यायला हवं होतं. दोन्ही पापण्यांत या तेलग्रंथींची रांग असते. 1666 मध्ये हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्यानं त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून अश्रू लगेच उडून जात नाहीत. तेल अडलं की डोळा सुकतो, टोचतो, आणि त्या टोचण्यामुळेच भळाभळा पाणी येतं. ते टिकत मात्र नाही. मी कोरडेपणाचं लक्षणच कोरडेपणा नसल्याचा पुरावा मानत होते.

उपाय घरचाच निघाला, फक्त पापणीच्या बाहेरून करायचा. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटावर लावून बघायचा आणि मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा. इथंही मी चुकलेच. एकदाच रुमाल ठेवून पडून राहायचे. तो एक-दोन मिनिटांत निवतो आणि निवलेल्या रुमालानं थिजलेलं तेल पातळ होत नाही. पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो. नंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी कडेकडे अगदी हलकी बोटं फिरवायची. बुबुळावर दाब देऊ नये.

पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि अर्धवट मिटतात. आता प्रत्येक पान संपलं की मी डोळे पुरते मिटते. पडदा नजरेच्या थोडा खाली आणलाय, टेबलावरचा पंखा तोंडावरून हलवलाय. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांनी दिलेत. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागणार असतील तर ते परिरक्षक नसलेले घ्यायला सांगितलंय. सर्दीसाठी मी सर्रास घेत असलेल्या सेटिरिझिननंही डोळे सुकतात, हे मला तिथंच कळलं. चुरचुर पूर्ण गेलेली नाही, पण काम होतं.

एक कळकळीनं सांगते. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधुक झाली असेल किंवा कोरड्या डोळ्यांबरोबर तोंडही सारखं कोरडं पडत असेल, तर घरी शेकत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे थेंब कधीही घालू नका; त्यांत स्टेरॉइड असलं तर डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.