एक शतांश ओहमची करामत

बो थ्रस्टर काय चीज आहे, हे मस्कतच्या अल मौज मरिनात मला पहिल्यांदा कळलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही! नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीखाली, बोटीच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीत आरपार गेलेला बोगदा. बोगद्यात छोटा पंखा, वर बोटीच्या पोटात विजेची मोटर. कळ दाबायची आणि नाळ हवी तिकडे वळवायची! धक्क्याजवळ बोटीला वेग नसतो, सुकाणू ऐकत नाही, आडवा वारा ढकलत असतो. तिथे हा पठ्ठ्या बाजी मारतो.

मित्राच्या बोटीतला थ्रस्टर मात्र नुसता कण्हत होता. बॅटरीला मीटर लावला तर 12.7 व्होल्ट. ठणठणीत! मग मरिनातला मल्याळी मिस्त्री हिंदीत म्हणाला, “अब बटन दबाके देखो.” बटण दाबलं. बॅटरीवर 11 व्होल्ट, मोटरच्या टोकांवर फक्त 8! मधले 3 व्होल्ट गेले कुठे?

इथेच मी वेडा झालो. ही मोटर 300 अँपिअर ओढते. वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा आला तरी 300 गुणिले 0.01, म्हणजे बरोबर 3 व्होल्ट गायब! आणि 900 वॉटची उष्णता तिथल्या तिथे. केबलच्या सांध्यावर हात नेला तर चटका बसला. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवी पूड चढली होती. मेन स्विच बंद करून सांधा घासला, घट्ट आवळला, आणि मोटर गरजली!

आता प्रत्येक खोड मला बोलताना ऐकू येते. टकटकही नाही? फ्यूज आणि कळ तपासा. टक्‌ होतं, पण मोटर फिरत नाही? बॅटरी, काँटॅक्टर किंवा कार्बन ब्रश. मोटर फिरते, बोट हलत नाही? पंख्याची शिअर पिन तुटली असणार; ती तुटते म्हणून गिअर वाचतो! दोन-तीन मिनिटं चालून बंद पडते? ती तापली आहे, तिला निवू द्या; सतत चालण्यासाठी ती बनलेलीच नाही.

आणि पाण्याखालची बाजू! मस्कतचा समुद्र उन्हाळ्यात तिशी ओलांडतो. बोगद्यात शेवाळ आणि बार्नेकल भराभर वाढतात, पंख्याचा जोर खातात. इथली जुनी गलबतं तळाला चुना-चरबीचा लेप लावत. आज बोगद्यात अँटिफाउलिंग रंग लावतात. पण जस्ताच्या अॅनोडवर रंगाचा थेंबही नको! तो स्वतः झिजतो म्हणून बाकीचा धातू टिकतो; अर्धा झिजला की बदलायचा.

ऑक्टोबरात गारवा येताच बोटी दैमानियात बेटांकडे सुटतील. बोटवाल्यांनो, त्याआधी बोगदा खरवडा, अॅनोड बघा, सांधे आवळा. पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. आणि मोटर चालू असताना बॅटरीवर आणि मोटरवर, दोन्हीकडे व्होल्ट मोजाच. बिघाड कुठे आहे ते मीटरच सांगतो, आणि ते कळण्याचा आनंद मी कितीही सांगितला तरी कमीच आहे!