मॅन्युअल नसलेलं विमान

चि. निखिल यास,

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं सिम्युलेटर घेतलंस, पैसे मोजलेस, आणि सोबत अधिकृत मॅन्युअल म्हणून एक पानही आलं नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. वस्तू विकणाऱ्याने ती वापरायची कशी हे सांगायलाच हवं, यावर मी वाद घालणार नाही. पण 'मॅन्युअल मिळेपर्यंत शिकण्यात अर्थ नाही' हे जे तू पुढे लिहिलं आहेस ते मला पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण दोन ओळींत लिहिलं तर तू ते मावशीचं नेहमीचं धीर देणं समजशील. माझं म्हणणं असं की त्या काळातलं लढाऊ विमान मॅन्युअलशिवाय शिकता येतं, आणि त्यातला जो भाग लढताना खरोखर कामी येतो तो मॅन्युअलात बहुधा नसतोच. तो विमानाकडूनच काढून घ्यावा लागतो. मात्र त्यालाही एक रीत आहे, आणि ती पाळली नाही तर शंभर तास उडवूनही हाताला काही लागत नाही.

१९४२चा उन्हाळा घे. ४ जूनला जपानी विमानांनी अल्यूशन बेटांमधल्या डच हार्बरवर हल्ला केला. त्यातल्या एका झीरो विमानाची तेलाची नळी फुटली आणि ते जवळच्या अकुतान बेटावर उतरायला गेलं. वरून गवताळ माळ दिसत होता तो दलदलीचा निघाला. चाकं रुतली, विमान उलटलं आणि वैमानिक तादायोशी कोगा ठार झाला. विमान मात्र बरंचसं शाबूत राहिलं. १० जुलैला अमेरिकन गस्ती विमानातून ते दिसलं, मग सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं गेलं, आणि २० सप्टेंबरला अमेरिकन नौदलाच्या एडी सँडर्स यांनी ते उडवलं. त्यांना शिकवायला झीरो बनवणाऱ्या मित्सुबिशीचा माणूस येणार नव्हता. १५ ऑक्टोबरपर्यंत २४ उड्डाणं झाली आणि निष्कर्ष हाती आले: वेग २०० नॉटच्या वर गेल्यावर एलेरॉन, म्हणजे पंखांच्या कडेच्या हलत्या फळ्या, इतके जड होतात की विमान कुशीवर वळवणं जिकिरीचं होतं, ते डावीकडे सहज वळतं, उजवीकडे कमी, आणि स्टिक झटक्यात पुढे ढकलली की इंजिन खोकतं, कारण कार्ब्युरेटर तरंगत्या गोळ्याचा आहे. यावरून आघाडीवरच्या वैमानिकांना सल्ला गेला: झीरो मागे लागला तर स्टिक पुढे ढकलून सूर मारा, वेग वाढला की उजवीकडे कलंडून वळा. (ग्रुमनचं हेलकॅट विमान याच झीरोला पाहून आखलं गेलं अशी एक लोकप्रिय कथा आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. हेलकॅटचा पहिला नमुना २६ जूनला, म्हणजे झीरो सापडण्याच्या दोन आठवडे आधीच उडाला होता.) त्याच जूनमध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून फोके-वुल्फ १९० घेऊन वेल्समधल्या पेम्ब्री विमानतळावर उतरला. ब्रिटिशांनी ते विमान आपल्या स्पिटफायर मार्क पाचसमोर उडवून पाहिलं. वळण आखूड घेण्यात स्पिटफायर सरस, बाकी जवळजवळ सगळ्यात जर्मन विमान पुढे, असा निकाल लागला. कटू होता, पण त्यानंतर वैमानिक निदान कशावर भरवसा ठेवायचा हे जाणून वर जाऊ लागले.

या दोन्ही उदाहरणांत मला महत्त्वाचं वाटतं ते विचारलेल्या प्रश्नांचं स्वरूप. 'झीरो चांगलं विमान आहे का' असं कोणी विचारलं नाही. अमुक वेगाला अमुक बाजूला कलंडायला किती जड जातं, असं विचारलं. तू मात्र उठल्यासुटल्या लढाईत उतरतोस, दोन मिनिटांत पाडला जातोस, आणि त्या दोन मिनिटांत उंची, वेग, इंधन, शत्रू आणि तुझी घबराट अशा पाच गोष्टी एकदम बदललेल्या असतात. त्यातून काय शिकणार? त्याऐवजी वारा बंद कर, अर्धं इंधन भर, हजार मीटर उंचीवर जा, थ्रॉटल पूर्ण उघड आणि उंची तसूभर न बदलता एक पूर्ण फेरी घे. घड्याळ लाव. फेरी संपताना उंची पन्नास मीटरपेक्षा जास्त ढळली असेल तर तो आकडा टाकून दे, कारण उंची विकून मिळवलेला वेग फसवा असतो. डावीकडून घे, उजवीकडून घे, प्रत्येक फेरी पुन्हा घेऊन पाहा. मग हजारावरून तीन हजार मीटर चढायला लागणारा वेळ, फ्लॅप वर आणि खाली असताना विमान कोणत्या वेगाला कोसळतं (स्टॉल होतं) ते, आणि ताशी ३००, ४०० व ५०० किलोमीटरला एक पूर्ण गिरकी घ्यायला लागणारे सेकंद. हेच सगळं शत्रूच्या विमानात बसून कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा एकच नियम. साठच्या दशकात जॉन बॉइड या अमेरिकन वैमानिकाने गणिती थॉमस ख्रिस्ती यांच्याबरोबर विमानांच्या तुलनेचं जे शास्त्र उभं केलं, त्याचा गाभाही हाच होता: त्याच उंचीला, त्याच वेगाला कोणतं विमान ऊर्जा किती झपाट्याने कमावतं आणि गमावतं. वरच्या टोकाचा वेग कागदावर कितीही भरघोस असला तरी वळणात शिरल्यावर त्याचा उपयोग नसतो.

यावर तू म्हणशील, सँडर्स कसलेले चाचणी वैमानिक होते, माझ्यासारख्या नवशिक्याचं काय? हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि म्हणूनच तुला दुसऱ्या एका संस्थेकडे नेते. युद्धकाळात ब्रिटनमध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलियरी ही मुलकी वैमानिकांची संघटना होती. कारखान्यातून निघालेली विमानं हवाई तळांवर पोचवणं हे तिचं काम. त्यात स्त्रियाही होत्या, सुप्रसिद्ध एमी जॉन्सन त्यांपैकीच. या वैमानिकांना आज एक तर उद्या दुसरंच विमान मिळे, आणि कित्येकदा ते त्यांनी आधी कधी उडवलेलंच नसे. त्यांच्या खिशात कड्या लावलेली एक छोटी वही असायची, प्रत्येक विमानाला तिच्यात एक कार्ड: उड्डाणाला किती दाब, उतरताना किती वेग, फ्लॅप किती, एवढंच. एवढ्यावर भागायचं कारण प्रशिक्षण एकेका विमानाचं नसे, वर्गाचं असे. हलकी एकइंजिनी, शक्तिमान एकइंजिनी, हलकी दोनइंजिनी, असं करत चारइंजिनी आणि उडत्या नौकांपर्यंत सहा वर्ग. स्पिटफायर आणि हरिकेन दुसऱ्या वर्गात. त्या वर्गाची तालीम झाली की त्यातलं कोणतंही विमान कार्ड चाळून न्यायचं. तेव्हा मॅन्युअल नसणं वेगळं आणि ज्ञान नसणं वेगळं. पंखावर हवा काय करते, प्रोपेलर विमानाला एका बाजूला का ओढतो, मागच्या चाकावरचं विमान धावपट्टीवर का भिरभिरतं, हे तुला कुठल्याही चांगल्या पुस्तकातून शिकता येईल. लांगेविशे यांचं १९४४ सालचं 'स्टिक अँड रडर' अजून वाचतात. डावपेचांसाठी रॉबर्ट शॉ यांचं 'फायटर कॉम्बॅट' आहे. ही पुस्तकं वर्गाची आहेत. तुझ्या विमानाचं कार्ड तुला स्वतः भरायचं आहे.

आणि ते कार्ड कोऱ्यापासून सुरू करावं लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन कळा नेमून देण्याची यादी उघड आणि ती शांतपणे वरपासून खालपर्यंत वाच. वर्गाचा हजेरीपट वाचावा तशी. विमानातली जी जी गोष्ट प्रोग्रॅमरने हलवता येण्याजोगी केली आहे तिचं नाव तिथे आहेच. रेडिएटरची झडप तिथे असेल तर इंजिन तापणार हे आलंच. मिश्रणाची दांडी असेल तर उंचीवर मिश्रण पातळ करावं लागणार. फ्लॅपसाठी नुसतं वर आणि खाली एवढंच असेल तर विमान बहुधा स्पिटफायर, कारण त्याला मधली पायरी नव्हतीच. एक चाचणी तर तू आजच करून पाहा. स्पिटफायर सरळ उडत असताना स्टिक जोरात पुढे ढकल. इंजिन बंद पडल्यासारखं झालं, तर मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरचा जुना दोष खेळात उतरवलेला आहे. फार्नबरोच्या संशोधन संस्थेतल्या बिआट्रिस शिलिंग यांनी १९४१मध्ये इंधनाच्या वाटेवर नेमक्या मापाचं भोक असलेली छोटी चकती बसवून हा दोष बराचसा आटोक्यात आणला. मेसरश्मिट १०९मध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, म्हणून त्याचा वैमानिक स्टिक पुढे ढकलून बिनघोर सूर मारी. ब्रिटिश वैमानिक मग आधी विमान पालथं करून स्टिक मागे ओढत त्याच्यामागे जात, म्हणजे इंधन जिथल्या तिथे राही. एक धक्का देऊन तुला विमानाचा काळ आणि पाठलागाचा डाव, दोन्ही कळतात.

खऱ्या स्पिटफायरची वैमानिक-पुस्तिका मिळते, मग ही उठाठेव कशाला, असं तू विचारशील. पुस्तिका जरूर वाच. इंजिनाचे दाब, फेरे, उतरण्याचे वेग तिच्यातून घे. पण ती खऱ्या विमानाची आहे आणि तू चालवतोस ते विमान कोणीतरी आकड्यांतून रचलेलं आहे. दोन्ही जिथे जुळत नाहीत तिथे तुझ्या लढाईत रचलेलंच खरं. शिवाय शत्रूच्या अमुक विमानाशी वळणात अडकावं की नाही, हे त्या पुस्तिकेत नसतं. यूट्यूबवरच्या व्हिडिओंचंही तसंच. ते उत्तर दाखवतात, आणि पुढच्या अपडेटमध्ये विमानाची वागणूक बदलली की ते उत्तर शिळं होतं. तुझ्या चाचण्या मात्र तशाच राहतात. अपडेट आला की एका संध्याकाळी पुन्हा करायच्या आणि कोणता आकडा हलला ते बघायचं. आणि आजच्या लष्करी यंत्रांच्या खऱ्या कागदपत्रांच्या मागे तर अजिबात लागू नकोस. २०२१ साली 'वॉर थंडर'च्या एका खेळाडूने ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्याची गोपनीय कागदपत्रं केवळ खेळातला रणगाडा चुकीचा आहे हे सिद्ध करायला सर्वांसमोर टाकली. वाद जिंकण्यासाठी एवढं करणाऱ्याला काय म्हणावं!

एका ठिकाणी मात्र मला माघार घ्यावी लागते. उद्या तू एफ-१६ घेतलंस तर हे सगळं अपुरं पडेल. त्यात स्टिकवरचं एकच बटण रडार चालू असताना एक काम करतं आणि दुसरा पडदा निवडला की वेगळंच. असल्या जोड्या चाचपडत शोधायच्या म्हटलं तर जन्म जाईल. १९९८च्या अखेरीस आलेल्या 'फाल्कन ४.०'सोबत कड्यांच्या फाइलमध्ये लावलेलं सुमारे सहाशे पानांचं मॅन्युअल मिळायचं, आणि ते चैनीखातर नव्हतं. तिथे मॅन्युअल हवंच, अधिकृत नसेल तर जाणकारांनी लिहिलेलं हवं. पण त्या सहाशे पानांची सुरुवात कशाने होते ते बघ: सरावाच्या उड्डाणांनी. एकेक उड्डाण, एकेक काम, नेमका वेग, नेमकी उंची. म्हणजे ज्यांना सगळं सांगून टाकता आलं असतं त्यांनीही शिकणाऱ्याला आधी आकाशातच पाठवलं.

राहता राहिली बोइंग २९९ची गोष्ट, जी तू मॅन्युअलच्या बाजूने मला नक्की ऐकवणार. ३० ऑक्टोबर १९३५ला ओहायोतल्या राइट फील्डवर ते नवं बॉम्बर विमान उडताच कोसळलं, कारण शेपटीकडची फळी वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेला अडसर काढायचा राहिला होता. चालवणारे अनुभवी होते, त्यांना अडसर माहीत होता. त्यातून पुढे आली ती तपासयादी, आणि तपासयादी म्हणजे मॅन्युअल नव्हे. जे ठाऊक आहे ते विसरू नये म्हणून ती असते. तेव्हा चाचण्या झाल्या की वहीच्या शेवटच्या पानावर स्पिटफायर उतरवण्याची यादी लिही: चाकं खाली, प्रोपेलर बारीक पिचला, मिश्रण भरपूर, मग फ्लॅप. जमिनीवर आल्यावर रेंगाळू नकोस, हेही त्यात असू दे, कारण पंखाखालच्या रेडिएटरला हवा मिळेनाशी होते आणि तापमानाचा काटा भराभर चढतो. कोणत्या वेगाला फ्लॅप टाकायचे तो आकडा मी मुद्दामच लिहीत नाही. तो तुझ्या कोसळण्याच्या वेगावरून तूच काढ आणि मला कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी