बसून घेतलेलं माप

सुलतानपूर, 1 डिसेंबर 2024, रविवार

दुपारी नणंदेच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची शनिवार-रविवारची तीन तिकिटं तिने काढली आहेत. तिच्यासाठी एक, माझ्यासाठी एक, मामाजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी एक. भारतीय बैठक, म्हणजे खाली बसायचं. महोत्सव 18 ते 22 डिसेंबर आहे. यंदाचा सत्तरावा.

मामाजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सांगितलं तर हातातली शेंग तशीच राहिली. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग नेसाचं काय?"

परगावची माणसं म्हणतील, गाण्याला जायचं तर आधी गाण्याचं विचारावं. पण मला त्यांचा प्रश्न बरोबर वाटला. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारहून मेहकरला जाते ती आमच्या गावावरूनच, ऐन पावसात. त्या वाटेवर मामाजी किती तरी वर्षं मृदंग गळ्यात घालून चालले आहेत. ओलं धोतर मांडीला घासलं की अभंगातलं लक्ष कसं उडतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ते नेहमी सांगतात, ज्या कपड्याची वाटेत आठवण येते तो कपडा दिंडीत नेऊ नये.

भीमसेन जोशी त्यांना माहीत आहेत ते अभंगांमुळे. देवळाच्या कर्ण्यावर पहाटे त्यांचाच आवाज असायचा. पण त्याच भीमसेनांनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या आठवणीत 1953 साली हा महोत्सव सुरू केला, हे त्यांना आज कळलं. "गुरूसाठी केला," एवढंच दोनदा म्हणाले.

3 डिसेंबर, मंगळवार

पंचवीस वर्षं शिवणाचं मशीन चालवते आहे, आणि जे आज दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं.

संध्याकाळी भजनी मंडळ आमच्या ओट्यावर बसलं. चहा देता देता मी गाणं सोडून कपड्यांकडेच पाहत राहिले. अर्ध्या तासात सगळ्यांचे हात कुठे ना कुठे गेले. एकाने पँटचं वरचं बटण हळूच काढलं. दुसरा गुडघ्यामागची चुणी ओढत होता. मामाजींचा सदरा पाठीमागून वर चढला होता आणि कमरेवर चार बोटं उघडी पडली होती. थंडी नेमकी तिथूनच शिरते.

कारण साधं आहे. आम्ही शिंपी माणसाला उभं करून माप घेतो. मांडी घातली की तोच माणूस वेगळा होतो. बसल्यावर पाठ वाकते, त्यामुळे मानेपासून कमरेपर्यंतची लांबी वाढते. कंबर पसरते. मांड्या फाकतात आणि सगळा ताण आसनाच्या शिवणीवर येतो. उभ्या मापाचा पायजमा पाच तास मांडी घालून बसायला शिवलेलाच नसतो.

मंडळ उठल्यावर मामाजींना म्हटलं, "तुम्ही उठू नका. असेच बसा, माप घेते." टेप लावला. उभ्या आणि बसल्या मापात पाठीला दोन इंचांहून जास्त फरक निघाला. मी परत मोजलं. तेवढंच भरलं.

मग कागदावर लिहून काढलं. सदरा मागून पुढच्यापेक्षा तीन इंच लांब. बाजूचे काप वरपर्यंत, म्हणजे मांडी घातली तरी ओढ बसणार नाही. काखेत चौकोनी कळी, कारण मामाजी ऐकताना मांडीवर ठेका धरतात. पायजम्याच्या आसनात मोठा चौकोनी तुकडा. नेफ्यात रबर नको, नाडीच हवी. कंबर पसरली की रबर जास्तच आवळतं. नाडी बसल्यावर सैल करता येते.

पण मामाजी म्हणाले, "पायजमा काहून? धोतर हाय नं."

धोतराला शिवणच नाही. जिथे हवं तिथे ते पसरतं. माझा सगळा विचार धोतराने कधीच करून ठेवलेला आहे. त्यांना एकच शंका होती, पुण्याच्या लोकांत धोतर बरं दिसेल का. मी म्हटलं, ज्यांच्या नावाचा महोत्सव आहे ते सवाई गंधर्व धोतराच्याच काळातले, तिथे धोतराला कोण परकं म्हणेल? पायजमा रात्रीसाठी बरोबर असू द्या, आतून घालायला.

8 डिसेंबर, रविवार

मेहकरला कापड घ्यायला गेले. भाचीचा निरोप होता, "मामी, सरळ एक जॅकेट घे. सगळे घालतात." दुकानदाराने फुगीर, हलकं, नायलॉनचं जॅकेट दाखवलं. ऊब चांगली होती. मी बाही कानाशी नेऊन चोळली. कोरड्या पाचोळ्यावरून कुणी चालल्यासारखा आवाज आला. त्याने चिकटपट्टीचा खिसा उघडून दाखवला, तर खर्रर्र झालं.

तानपुरा जुळतो आहे आणि शेजारच्याने खिसा उघडला, असं मनात आलं आणि मी जॅकेट परत दिलं. त्यानंतर प्रत्येक कापड कानाशी नेऊन पाहिलं. दुकानदार काही बोलला नाही. टेरिकॉट सळसळतं. खळ दिलेलं नवं सुती कुरकुरतं. धुतलेलं मांजरपाट, फलालीन आणि लोकर गप्प असतात.

अंगालगत सुती आणि वरून लोकरीचं, असं ठरवलं. पुण्यात डिसेंबरची दुपार उन्हाची असते आणि रात्री गारठा पडतो. कार्यक्रम दुपारीच सुरू होतो. एकच जाड स्वेटर घातला तर चार वाजता घाम फुटतो, सुती बनियन तो पिऊन घेतं, आणि नऊ वाजता तेच ओलं बनियन पाठीला गार लागतं. रात्री गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना हे चांगलं ठाऊक आहे. ती आधी घोंगडी काढून ठेवतात, काम संपलं की पांघरतात. लोकर थोडी ओली झाली तरी धाग्यांत हवा धरून ठेवते, म्हणून ऊब सोडत नाही. शिवाय बसल्या जागी, शेजाऱ्याला कोपर न लावता काढता-घालता आलं पाहिजे. डोक्यातून घालायचा स्वेटर तिथेच बाद झाला. मामाजींना फलालीनचं अस्तर लावलेली, समोरून उघडणारी बंडी शिवायची. कापडाचीच बटणं लावायची.

11 डिसेंबर, बुधवार

बंडी झाली. आता माझं.

मी रोज पाचवारी नेसते. पाचवारीत मांडी घालून बसता येतं, पण निऱ्या गुडघ्यांवर ताणल्या जातात आणि दर थोड्या वेळाने पदर, पाय, सगळं सारखं करावं लागतं. पंजाबी ड्रेस सोयीचा. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मामाजींसमोर मी कधी घातला नाही. त्यांनी मनाई केली नव्हती. मीच घातला नाही.

मशीनवर माझ्याच मापाचा कुर्ता बघून ते म्हणाले, "हे तुयासाठी हाय का? घाल. तुयी सासू नऊवारीचा कासोटा घालून रात्र रात्र कीर्तनात बसे. तिले कधी पदर ओढताना पायलं नाही मी."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची तीन सुती लुगडी पेटीत होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आज ती काढली. घड्या घालून, मधे जुन्या लोकरी शालीचा तुकडा भरून, दोघांना बसता येईल असं बसकर शिवायला घेतलं. गोधडीचा टाका हातानेच घालते आहे. अंगावर कितीही घाला, जमिनीची थंडी खालून येते. त्यावर कुठलं जॅकेट चालत नाही.

16 डिसेंबर, सोमवार

तबल्याचे उस्ताद झाकिर हुसेन गेले. सॅन फ्रान्सिस्कोला. 73 वर्षांचे होते. सकाळी टीव्हीवर तेच चाललं होतं. मामाजींनी मृदंग बाहेर काढला, कणिक लावली नाही, वाजवला नाही, नुसता पुसला आणि परत खोळीत घातला. खोळ उसवली होती. मी ती शिवून दिली. आज दुसरं काही शिवलं नाही.

20 डिसेंबर, शुक्रवार

रात्रीच्या गाडीने निघतो आहोत. बांगड्या काढून ठेवल्या, दोन्ही हातांत एकेक पाटली तेवढी ठेवली. काचेच्या बांगड्या टाळी देताना किणकिणतात. मामाजींना वहाणा दिल्या. बैठकीजवळ चपला काढाव्या लागतात, तिथे नाड्यांचे बूट सोडत बसणं त्यांच्या गुडघ्यांना जमायचं नाही. मोजे, कानटोपी, उपरणं, बसकर घेतलं.

पुणे, 21 डिसेंबर, शनिवार. रात्रीचा दीड

झोप येत नाही म्हणून लिहिते आहे.

मुकुंदनगरचं मैदान. मांडव एवढा मोठा की लांबून मंच पणतीएवढा दिसतो, मधे मोठे पडदे आहेत. अनेक वर्षं हा महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा. शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी सांगितलं, तेव्हा रात्रभर गाणं चालायचं, घरून गाद्या आणि चहाचे थर्मास आणायचे, कानटोप्या घातलेली माणसं उजाडताना बाहेर पडायची. सन 2000 च्या ध्वनी नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, ती इथे शनिवारी मिळते. म्हणून आज बारा वाजले.

थंडी मी धरली होती तेवढी नव्हती. बंडी मामाजींनी आठनंतर घातली. माझा स्वेटर पिशवीतच राहिला. पण सतरंजीखालून गारवा येत होता. आमच्या पुढच्या ओळीत चांगल्या जाड जॅकेटातली मुलं सारखी उठून उकिडवी बसत होती. शेवटी मी बसकराची एक घडी उलगडून पुढे सरकवली. दोन मुली तिच्यावर बसल्या.

भाची जॅकेट घालून आली होती. विलंबित ख्यालात, गाणाऱ्याने एक स्वर लांबवला आणि सगळा मांडव थांबल्यासारखा झाला, तेव्हा तिने हात हलवला. आवाज झाला. तिचा तिलाच ऐकू आला. हळूहळू जॅकेट काढून तिने मांडीखाली घेतलं आणि माझी शाल अर्धी ओढली. मी काही बोलले नव्हते.

मामाजींनी साडेसात तासांत एकदाही सदरा ओढला नाही. मी पाहत होते. नंतर पाहायचं विसरले.

22 डिसेंबर, रविवार

आज दुपारपासूनच बसलो. ऊन होतं. मामाजींनी बंडी घडी करून पाठीशी घेतली, उपरणं डोक्यावर. आजूबाजूला खादीचे कुर्ते, पैठण्या, जीन्स, सगळं होतं. धोतरं थोडी होती, पण होती. एका तरुण मुलाने मामाजींना विचारलं, "आजोबा, इतका वेळ कसे बसता?" ते म्हणाले, "आमच्याकडं हप्ताभर बसतात बाप्पा. सप्ता असते."

शेवटी सवाई गंधर्वांची भैरवी लावली. जुनं ध्वनिमुद्रण. दरवर्षी महोत्सव तिनेच संपतो, असं भाची म्हणाली. मंचावर कुणी गात नव्हतं, तरी माणसं उठली नाहीत. मामाजींचा हात मांडीवर होता, ठेका धरलेला नव्हता. माझी बोटं बसकराच्या टाक्यांवरून फिरत होती. सासूबाईंना हे ऐकवायला हवं होतं.

सुलतानपूर, 25 डिसेंबर, बुधवार

बंडी आणि धोतर धुऊन वाळत घातलं. खळ दिली नाही.

संध्याकाळी मंडळातले चौघं आले. मामाजींनी आधी गाण्याचं सांगितलं, मग बंडी दाखवली. चौघांनाही तशीच हवी आहे. पौषात हिवरा आश्रमला विवेकानंद जन्मोत्सव असतो, तिथे उघड्या मैदानात मातीवर बसायचं असतं. एकजण माप द्यायला उभा राहिला तर मामाजी म्हणाले, "बस. खाली बस. मांडी घाल."

चार बंड्या, दोन पायजमे. फलालीन आठ मीटर लागेल. उद्या मेहकर.