टेंभ्यांच्या उजेडातला फोकस

सुरगाणा हे १९४८ पर्यंत एक लहानसे संस्थान होते. आज तो नाशिक जिल्ह्याचा गुजरातच्या सरहद्दीला लागून असलेला डोंगराळ तालुका आहे. होळीनंतरच्या रात्री या मुलखातील आदिवासी वस्त्यांवर, संबळाच्या ठेक्यावर आणि टेंभ्यांच्या लवलवत्या उजेडात, गणपती, सरस्वती, रावण यांची सोंगे नाचवली जातात. त्या उत्सवाला कोठे बोहाडा म्हणतात, कोठे भोवाडा. त्याची छायाचित्रे मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे, आणि भिंगाचा रोख कोठे धरावा, याचा अखत्यार माणसाचा की यंत्राचा, हा प्रश्न मला जेवढ्या निकडीने तेथे पडला तेवढा अन्यत्र कोठेही पडला नाही.

प्रारंभी माझ्याजवळ १९८२ साली निघालेला निकॉन एफएम-२ होता. त्याच्या दृश्यकाचेच्या मध्यभागी परस्परविरुद्ध दिशांना उतरते असे दोन चिमुकले प्रिझम बसवलेले असत. प्रतिमा नेमकी त्यांच्या छेदस्थानी उतरली, तर वर्तुळाचे दोन्ही अर्धभाग एकसंध दिसत, आणि ती किंचितही पुढेमागे पडली, तर रावणाच्या कपाळावरची उभी रेघ मधोमध तुटून वरचा तुकडा एका बाजूस व खालचा दुसऱ्या बाजूस सरके. लेन्सची कडी फिरवीत ती रेघ जुळवून आणायची, की फोकसची खातरजमा झाली. या योजनेस मर्यादा नव्हत्या असे नाही. कमी प्रकाश घेणारी लेन्स लावली, की वर्तुळाचा एक अर्ध काळवंडून जाई.

पुढे ऑटोफोकसचा अंमल सुरू झाला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने तो सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या हाती दिला. विशेष हे, की त्याची फेज-डिटेक्शन पद्धती तत्त्वतः त्या तुटलेल्या रेघेचीच होती: भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश निरनिराळ्या संवेदकपट्ट्यांवर घेऊन त्या दोन प्रतिमांतील अंतर मोजायचे, आणि त्यावरून लेन्स कोणत्या दिशेस व किती फिरवायची हे ठरवायचे. मात्र हे काम यंत्राकडे गेल्यावर माणसासाठी ठेवलेली साधने हळूहळू नाहीशी झाली. दृश्यकाच अधिक उजळ करण्यात आली खरी, पण ती उजळ काच मोठ्या छिद्राच्या लेन्सचा खरा पुसटपणा दाखवीत नाही, १.४ च्या छिद्रातून पाहतानाही डोळ्यास २.८ च्या आसपासचीच स्पष्टता भासते, आणि हाताने केलेला फोकस बरोबर दिसूनही चुकलेला निघतो. ८५ मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र १.८ इतके उघडले, तर तीन मीटरवरील सोंगाला अवघ्या पाचेक इंचांची स्पष्टता लाभते, हे ध्यानी घेतले म्हणजे या त्रुटीचे गांभीर्य कळते.

धावत्या मुलांचे चित्र घ्यायचे असते, तेव्हा मी निःसंकोच ऑटोफोकसवर विसंबतो. तेथे त्याची बरोबरी माझ्या बोटांना करता येणार नाही. परंतु भोवाड्यात, मानवी चेहरा ओळखण्यात तरबेज असलेला माझा नवा आरसाविरहित कॅमेरा मुखवटा ओलांडून मागच्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर जाऊन स्थिरावे. अंधारात मदतीसाठी कॅमेरा जो प्रकाशझोत टाकतो तो मी बंद ठेवी, कारण पूजा होऊन डोक्यावर चढलेल्या मुखवट्यावर असा झोत टाकणे मला अशिष्टपणाचे वाटे. अशा एका रात्री शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “भाऊ, सोंगाचे डोळे नुसते रंगाचे. माणूस बघतो तो खालच्या भोकांतून.” त्या एका वाक्याने माझी निवड दुहेरी झाली: रंगवलेले डोळे स्पष्ट ठेवून देव दाखवावा, की त्यांच्या खालच्या काळोखी छिद्रांतील जिवंत नजर टिपून नाचणारा दाखवावा? याचा निकाल त्या त्या क्षणी मलाच द्यावा लागतो, आणि तो अमलात आणण्यासाठी हाताला विश्वासार्ह साधन लागते.

आरसाविरहित कॅमेऱ्यात मूळ संवेदकावरची प्रतिमाच दिसत असल्याने जुन्या काचेची फसगत टळली आहे. पण फोकस पीकिंगवर, म्हणजे ठळक कडा रंगवून दाखवण्याच्या सोयीवर, माझा पुरता विश्वास नाही. टेंभ्याच्या उजेडात मुखवट्याचा चमकीचा कागद लकाकला, की फोकस थोडा ढळलेला असतानाही त्याच्या कडा रंगून निघतात. प्रतिमा मोठी करून पाहणे अधिक खात्रीचे, जरी तेवढ्यापुरती चौकट नजरेआड होते तरी. फुजीफिल्मने २०१३ पासून काही कॅमेऱ्यांत डिजिटल रूपाने ती तुटकी रेघ परत आणली, याचा मला मनापासून आनंद आहे.

खरी उणीव आता कडीची आहे. पुष्कळशा नव्या लेन्सची कडी केवळ विद्युत्-संकेत पाठवते. ती वेगाने फिरवली तर फोकस अधिक सरकतो, संथ फिरवली तर कमी, त्यामुळे हाताला अंतराची स्मृती जडत नाही. सोंग मात्र ठेक्यावर पुढे येते आणि तितकेच मागे जाते. म्हणून मी नव्या कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून जुनी ५० मिलिमीटरची निकॉन लेन्स चढवतो, प्रतिमा मोठी करण्याचे बटण अंगठ्याखाली घेतो, आणि संबळाच्या दोन-चार आवर्तनांत कडी कोठून कोठवर फिरवायची हे बोटांना उमगले, की मगच पहिले छायाचित्र घेतो.