मध्यभूमीचा पत्ता

बर्मिंगहॅमच्या दक्षिण अंगाला सेअरहोलची जुनी पाणचक्की आहे. उंच धुराडे, शेजारी तळे. आता भोवती शहर पसरले आहे. पण १८९६ साली चार वर्षांचे टॉल्कीन विधवा आईबरोबर चक्कीसमोर राहायला आले, तेव्हा हे खेडेच होते. तिथल्या चार वर्षांतूनच पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतला 'शायर' हा हिरवागार मुलूख उगवला.

गंमत अशी, की मुलूख आधी नव्हताच. आधी भाषा होती. विद्यार्थिदशेत फिनिश भाषेच्या नादाने त्यांनी क्वेन्या रचायला घेतली. सिंदारिनला पुढे वेल्शचा नाद दिला. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा सारा कारभार उलटा वाटतो. आपल्याकडे आधी माणसे, मग त्यांची बोली आणि सर्वांच्या शेवटी दामल्यांचे व्याकरण! इथे व्याकरण आधी जन्मले आणि बोलणारी तोंडे मागाहून शोधावी लागली. एका मूळ भाषेच्या दोन भाषा व्हायच्या, तर लोकांची ताटातूट हवी. ताटातुटीला समुद्र हवा, भांडणे हवीत, शतके हवीत. म्हणजे जगच हवे.

मग हे जग आहे तरी कुठे? परग्रहावर नाही. १९६७ सालच्या एका पत्रात टॉल्कीननी चक्क अक्षांश सांगितले आहेत: हॉबिटांचे गाव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आणि तिथून सहाशे मैल दक्षिणेला मिनास तिरिथ, म्हणजे साधारण फ्लॉरेन्सच्या रेषेत. 'मिडल-अर्थ' हे नावही जुन्या इंग्रजीतून आलेले. अर्थ माणसांची वस्ती असलेली भूमी. आपण मृत्युलोक म्हणतो ना, त्याच्या जवळपासचे. जागा आपलीच, काल्पनिक आहे तो काळ.

एस्पेरांतोच्या कर्त्याने तिच्यासाठी दंतकथा रचल्या नाहीत, म्हणून ती मेलेली, असेही ते एकदा लिहून गेले. हे मात्र मला पटत नाही. १८८७ साली प्रसिद्ध झालेली ती भाषा माणसे आजही बोलतात, तीत कविता लिहितात. एखाद्या घरात ती मुलांची मातृभाषाही असते. तिला निराळे जग लागले नाही, इथलेच पुरले.

ऑक्सफर्डला आम्ही कॉलेजे भराभर उरकली आणि उत्तरेकडची बस धरून वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत गेलो. "सातासमुद्रापलीकडे येऊन स्मशान पाहायचं?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न. शिळेवर एडिथ टॉल्कीनच्या नावाखाली 'लूथिएन' आणि १८८९–१९७१. खाली तिच्या पतीचे नाव, 'बेरेन' आणि १८९२–१९७३. लूथिएन म्हणजे मर्त्य माणसासाठी अमरत्व सोडणारी एल्फकन्या. १९१७ साली, लढाईहून आजारी परतलेल्या टॉल्कीनपुढे यॉर्कशायरमधल्या रूस गावाजवळच्या रानात एडिथ नाचली होती. ती कथा तिथली. मी हे सांगितले, तशी बाईसाहेब गप्प झाल्या आणि शिळेवरची वाळली पाने हाताने बाजूला करू लागल्या.

खाली कोणीतरी फुलांबरोबर एक चिठ्ठी ठेवली होती. अक्षरे रोमन नव्हती. टॉल्कीननी घडवलेल्या लिपीतली असावीत. आम्हां दोघांनाही ती वाचता आली नाही.