कल्लर आणि खारपाण

पहाडगंजात तळमजल्यावर बिऱ्हाड करणाऱ्या माणसास लोणा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीत दिलेली सफेदी होळीपर्यंत हातभर उंचीवर फुगते, तिचे पापुद्रे सुटतात आणि कोपऱ्यात पांढरी पूड साठते. जमिनीतील ओल विटांतून वर चढते, येताना विरघळलेले क्षार बरोबर आणते आणि स्वतः उडून जाताना त्यांना मागे ठेवते. भाडेकरू बदलतात, सफेदीचा रंग बदलतो. क्षार तेवढे मुक्काम सोडीत नाहीत. जे आमच्या भिंतीवर हातभर घडते त्याच जातीचे काही दिल्लीभोवतीच्या गंगा-यमुनेच्या मैदानात लाखो एकरांवर घडले आहे, आणि ते सफेदीने झाकण्यासारखे नाही.

त्या मातीला नावे पुष्कळ. पंजाब-हरियाणात कल्लर, उत्तर प्रदेशात ऊसर, आणि उन्हाळ्यात तिच्यावर जो पांढरा थर येतो ती रेह. ऊसर म्हणजे संस्कृतातील ऊषर. अपात्री विद्या म्हणजे ऊषरात टाकलेले बी, अशी उपमा स्मृतिकारांनीच देऊन ठेवली आहे, तेव्हा ही व्याधी काल-परवाची नव्हे. धोबी मात्र हीच रेह गोळा करून कपडे धूत, कारण तीत धुण्याचा सोडा असतो.

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसास ह्या मैदानाची ओळख प्रथम वसाहतींच्या पाट्यांवरून होते. मदनपूर खादर हे नाव आम्ही कितीदा वाचले असेल, परंतु खादर हा मातीचा प्रकार आहे हे ठाऊक नव्हते. नदी ज्या पट्ट्यात अजून पुराचा नवा गाळ टाकते तो खादर. जेथे आता पूर चढत नाही तो जुन्या गाळाचा उंचवटा म्हणजे बांगर. बांगराच्या पोटात चुनखडीचे खडे असतात, त्यांना कंकर म्हणतात. कल्लर बहुधा ह्या जुन्या गाळातल्या सखल जागी सापडते, जेथे पावसाचे पाणी येऊन थांबते आणि त्यास बाहेर पडावयास वाट नसते.

वर्षानुवर्षे पाणी आटत गेले की त्यातील चुना खड्यांच्या रूपाने बाजूला पडतो आणि सोडियम मागे उरते. ते चिकणमातीच्या कणाकणाला जाऊन चिकटते. कॅल्शियम कणांना एकत्र धरते, त्यांची ढेकळे बांधते, ढेकळांमधून हवा-पाण्याला वाट ठेवते. सोडियमचे वागणे उलट. ते कणांना एकमेकांपासून फोडते; पाऊस पडला की हे सुटे कण वाटा बुजवून टाकतात. वर पाणी तुंबलेले आणि वीतभर खाली माती कोरडी, असा प्रकार. चांगल्या जमिनीचा सामू सातच्या आसपास असतो. करनालकडच्या कल्लरात तो दहाच्याही वर गेलेला आढळतो. पुष्कळांना वाटते की अशी जमीन खारट असते म्हणून पिकत नाही. खरी गोष्ट अशी की तिला पाणी पिता येत नाही.

फिरोजशहा तुघलकाच्या काळचा यमुनेचा पश्चिम कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुरुस्त करून पुन्हा वाहता केला, आणि १८५५ मध्ये मुनक गावातून रेह वाढल्याची तक्रार सरकारदरबारी गेली. पुढे समिती नेमली गेली, अहवाल झाले. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली ती १९६९ मध्ये. एका अर्जावर एकशे चौदा वर्षे! मंत्रालयात टेबलावर बसणाऱ्या माणसास ह्यात नवल वाटावयाचे कारण नाही. आपल्याकडेही १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पंचवीस वर्षांतच, १९१० च्या सुमारास, हॅरल्ड मॅन ह्यांना नीरा खोऱ्यातील क्षारांचा अभ्यास प्रसिद्ध करावा लागला. बारामतीकडचे वाचक ज्या जमिनीला चोपण म्हणतात ती ह्याच कल्लराची बहीण.

हे सारे आम्ही आवडीने वाचले असे नाही. आमचे धाकटे बंधू गेल्या फाल्गुनात पुसा येथील कृषिमेळ्यासाठी आले आणि आठ दिवस पहाडगंजातच उतरले. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा ह्या तीन जिल्ह्यांतील सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा हा पट्टा. उत्तरेस गाविलगडाचे डोंगर, मध्ये पूर्णेने शेकडो मीटर खोल भरून काढलेला गाळ. वरची माती काळीभोर, उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा, पावसाळ्यात बैल रुतेल असा चिखल, आणि जमिनीखालचे पाणी असे की त्यात डाळ शिजत नाही. पिके पावसावर अवलंबून. बंधूंनी कर्ज काढून बोअर घ्यायचे ठरवीत आणले होते. आईच्या पाटल्या गहाण ठेवण्याची गोष्टही निघाली होती. वडील बंधू पदवीधर आणि दिल्लीत, म्हणून होकार आमच्याकडून हवा होता.

मेळ्यात त्यांनी करनालचे नाव ऐकले. एके सकाळी आम्ही दोघे गाडीने निघालो. पानिपत स्थानक येताच डब्यातील मराठी माणसे नेहमीप्रमाणे खिडकीशी गेली, आणि तेथे पाहण्यासारखे काही नाही हे पाहून नेहमीप्रमाणे परत बसली. आम्हांस त्या दिवशी पुढचे गाव पाहावयाचे होते. संस्थेची जमीन आहे त्या गावाचे नाव जरीफा वीरान. नावातला तो ‘वीरान’ वाचावा आणि खिडकीबाहेरचा गहू पाहावा.

तेथील रीत अशी: शेताला बांध घालून ते पाटासारखे सपाट करावयाचे, हेक्टरी दहा ते पंधरा टन जिप्सम वरच्या चार बोटे मातीत मिसळावयाचे, मग गोडे पाणी तुंबवून ठेवावयाचे. जिप्समातील कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवते आणि पाणी त्याला खाली वाहून नेते. पहिले पीक भाताचे, कारण भात साचलेल्या पाण्यात उभा राहतो, मग गहू, मधून धैंचा गाडावयाचा. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात लाखो हेक्टर जमीन अशी माणसांत आली. तिच्यामागून आलेले बिलही नमूद केले पाहिजे. भात वाढला, तसे भूजल खाली गेले. २००९ मध्ये पंजाब व हरियाणा दोघांनाही भात लवकर लावण्यास कायद्याने मनाई करावी लागली. कार्तिकात पहाडगंजावर जो धूर उतरतो त्यात भाताच्या पेंढ्याचा वाटा असतोच, आणि काही पेंढा पूर्वीच्या कल्लरातला असणार.

बंधू मात्र हिरवे शेत पाहून हरखले होते. “दादा, इथं होते तं आपल्या वावरात काऊन नाही होत?” तेथील एका अनुभवी गृहस्थांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “पाणी कसे आहे?” बंधूंनी सांगितले. गृहस्थ म्हणाले, “इथे माती वाईट होती, खालचे पाणी चांगले होते. तुमच्याकडे दोन्ही बिघडलेली. मग जिप्सम धुणार कशाने?”

बंधूंचे समाधान झाले नाही. त्यांनी गावाहून वावरातील माती आणि शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी तपासणीसाठी आणले होते. त्या गृहस्थांनी सुचविल्याप्रमाणे आमच्या खिडकीत तीन काचेचे पेले मांडले. बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी दुकानातून आणले. पहिल्या पेल्यात शुद्ध पाणी आणि माती, दुसऱ्यात तेच पण वर चिमूटभर जिप्सम, तिसऱ्यात माती आणि बोअरचे पाणी. सकाळी पाहतो तो पहिला पेला चहासारखा गढूळ, दुसरा निवळलेला, आणि तिसराही निवळलेला! बंधूंनी हातच जोडले. बोअरचे पाणी मातीला मानवते, मग कर्ज घ्यावयास काय हरकत? आमच्याही मनात होकार येऊन गेला होता.

दूरध्वनीवर करनालच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “तिसऱ्या पेल्यातले पाणी काढून टाका, शुद्ध पाणी घाला आणि ढवळा.” ढवळले. दुसऱ्या दिवशी तो पेला पहिल्याहून गढूळ होता आणि चौथ्या दिवशीही तसाच. कारण त्यांनी सांगितले ते असे. खारे पाणी असते तोवर त्यातील क्षारांच्या दाटीने कण एकत्र राहतात, पण त्याच पाण्यातले सोडियम गुपचूप त्यांना चिकटत जाते. मग पाऊस येतो, दाटी विरळ होते आणि कण फुटतात. बोअरवरचा गहू पहिल्या हिवाळ्यात चांगला दिसेल. आषाढात जमीन मिटेल. काळ्या मातीत तर उत्तरेकडच्या मानाने थोडे सोडियमही पुरे होते.

बंधू त्या रात्री जेवले नाहीत. मेनबाजारात फिरून आले आणि झोपले. आम्हांला मात्र राहून राहून वाटत होते की सरकारी परिपत्रक जसे सर्व राज्यांस एकाच मसुद्याने जाते तसे मातीचे झाले असते तर किती सोपे होते. १९६९ मध्येच अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ झाले, करनालच्या संस्थेचे ते वर्षही तेच. पंजाबराव स्वतः वऱ्हाडचे आणि दहा वर्षे दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री. तरी अकोल्याचे उत्तर वेगळे शोधावे लागले. ते उत्तर पावसाच्या पाण्याचे आहे: सरी-वरंबे काढून पाणी मुरवावे, जास्तीचे बाहेर काढावे आणि शेततळ्यात साठवून हरभऱ्यास एक-दोन वेळा द्यावे. ही माती पाणी पाझरू देत नाही, म्हणून तेथील तळ्याला प्लास्टिकचे अस्तर बहुधा लागत नाही.

बोअर रद्द झाले, पाटल्या घरी राहिल्या. मग शेततळ्यासाठी सहहिस्सेदार म्हणून आमचे संमतिपत्र हवे होते, कारण वावराचा जो सखल कोपरा तळ्यास योग्य, तो वाटणीत आमच्या नावे आला होता. नोकरीवाल्यास काय, कोपरा पुरे, असे आई त्या वेळी म्हणाली होती, आणि आम्हांला ते थोडे लागलेही होते. त्या कोपऱ्यात कधी काही उगवले नव्हते. सही करताना पेन घटकाभर थांबले, एवढे लिहिणे भाग आहे.

ज्येष्ठात खोदाई झाली. आषाढाच्या शेवटी बंधूंचा दूरध्वनी आला: तळे भरले, पाणी टिकून आहे, पण तीन आठवडे झाले तरी गढूळच, करनालहून आणलेले उरलेले जिप्सम टाकू का? आम्ही विचारून कळवितो म्हटले आणि विचारून कळविले की टाकू नये; पाणी निवळेल, पण तळे गळू लागेल.